लंडन ते अथेन्स: २,४२६ किलोमीटर आणि तिकिटावर न छापलेले पाच तास

लंडनहून अथेन्सला विमानाने किती वेळ लागतो, असं कुणालाही विचारा. ‘पावणेचार तास’ असं उत्तर मिळेल. ते चूक नाही, पण त्याच्या भरवशावर पोहोचल्या दिवशीची संध्याकाळ आखायला गेलात तर फसाल. अंतर ही न बदलणारी गोष्ट आहे आणि ते पाच मिनिटांत घरबसल्या काढता येतं. वेळ मात्र तुकड्यातुकड्यांनी बनते आणि तिकिटावर त्यातला एकच तुकडा असतो. उरलेले तुकडे आपल्यालाच जोडावे लागतात. ते कसे जोडायचे, हे या मार्गावर छान दाखवता येतं, कारण इथे सगळं आहे: वेगळं घड्याळ, पासपोर्टची रांग, पश्चिमेचा वारा आणि लंडनचे अर्धा डझन विमानतळ. हिशोब एकदा हाताखालून गेला की युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांना लावता येतो.

पायरी १: ‘लंडन’ म्हणजे नेमकं कुठलं?

एक संकेतस्थळ अंतर २,३९१ किलोमीटर सांगतं, दुसरं २,४२६ सांगतं आणि दोन्ही बरोबर असतात. पहिलं अंतर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं. दुसरं हीथ्रो विमानतळापासून अथेन्सच्या विमानतळापर्यंतचं. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आहे आणि अथेन्सचा एलेफ्थेरिओस वेनिझेलोस विमानतळ शहराच्या पूर्वेला, स्पाताजवळ. दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला सरकली, म्हणून अंतर वाढलं. अथेन्सचा जुना एलिनिकोन विमानतळ २००१ मध्ये बंद झाला, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतली ‘विमानतळ समुद्रकाठी, शहराला लागून’ अशी वर्णनं आता विसरायची.

हीथ्रोऐवजी गॅटविक धरला तर अंतर तेहतीसेक किलोमीटरने कमी होतं, स्टॅनस्टेड धरला तर वीसेक किलोमीटरने. ल्यूटनवरून उलट थोडं वाढतं. हवेत याने दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे काहीच नाही. विमानतळ निवडताना हवेतलं अंतर बघू नका, घरापासून विमानतळापर्यंतचं बघा. त्याचा हिशोब पुढे येतोच.

पायरी २: अंतर स्वतः काढा

सोपा मार्ग आधी. संगणकावर गूगल मॅप्स उघडा, हीथ्रोवर उजवी क्लिक करा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि अथेन्सच्या विमानतळावर क्लिक करा. झालं.

पण एकदा हाताने करून बघा, कारण नकाशा कुठे फसवतो ते त्याशिवाय कळत नाही. लागतात फक्त चार आकडे. हीथ्रो: ५१.४७ उत्तर अक्षांश, ०.४५ पश्चिम रेखांश. अथेन्स विमानतळ: ३७.९४ उत्तर, २३.९४ पूर्व.

अक्षांशांची वजाबाकी: ५१.४७ वजा ३७.९४ म्हणजे १३.५३ अंश. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,५०२ किलोमीटर.

आता रेखांश, आणि पहिला सापळा इथेच. हीथ्रो ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणून इथे वजाबाकी नाही, बेरीज करायची. २३.९४ अधिक ०.४५ म्हणजे २४.३९ अंश. याला १११ ने गुणलं तर २,७०७ येतात. इथेच थांबून पायथागोरस लावला तर उत्तर ३,०९६ किलोमीटर येतं, म्हणजे जवळजवळ पावणेसातशे किलोमीटर जास्त!

कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, युरोपात तो बराच आखूड होतो. किती आखूड, हे दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं. सरासरी अक्षांश ४४.७ अंश, त्याचा कोसाइन ०.७१. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक वेळा कोसाइनचं बटण दिसतं. मोड अंशांचा आहे ना, तेवढं बघा, नाहीतर उत्तर भलतंच येईल. २,७०७ गुणिले ०.७१ म्हणजे १,९२२ किलोमीटर.

आता १,५०२ चा वर्ग अधिक १,९२२ चा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर: २,४३९ किलोमीटर.

खरं उत्तर २,४२६. म्हणजे शाळेतल्या गणितावर आपण तेरा किलोमीटरनेच चुकलो, एक टक्कासुद्धा नाही. युरोपच्या आतल्या बहुतेक मार्गांना ही रीत पुरते. लंडन–न्यूयॉर्क किंवा मुंबई–लंडन अशा लांब पल्ल्यांना ती वापरू नका, तिथे चूक फार वाढते. तिथे गोलावरच्या त्रिकोणमितीचं पूर्ण सूत्र लागतं, किंवा सरळ मोजणारं संकेतस्थळ.

वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून १,३१० सागरी मैल. ब्रिटिश रस्त्यावरच्या साध्या मैलांत तेच १,५०७. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं तर कुठला ते बघून घ्या, नाहीतर दोनशेचा घोळ होतो.

पायरी ३: रेषा कुठून जाते

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीचा गोल घरात असेल तर लंडन आणि अथेन्सवर दोरा ताणून धरा, तोच हा मार्ग. हीथ्रोवरून रेषा ११९ अंशांच्या दिशेने, म्हणजे पूर्वेपासून थोडी दक्षिणेकडे झुकून निघते. अथेन्सला पोहोचेपर्यंत दिशा १३६ अंश झालेली असते, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय. वाटेत कुणी वळण घेतलेलं नसतं. सपाट नकाशावर ही रेषा वाकडी दिसते, ती नकाशाची अडचण.

पाव अंतर कापलं की रेषा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या जरा अलीकडे असते. पुढे आल्प्स, आणि बरोबर मध्यबिंदू एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, व्हेनिस आणि इस्ट्रियाच्या किनाऱ्याच्या मध्ये. प्रत्यक्षात विमान या रेषेवर तंतोतंत उडत नाही. हवाई नियंत्रणाचे ठरलेले मार्ग, लष्करी क्षेत्रं, वादळं आणि गर्दी यांमुळे ते थोडं इकडेतिकडे जातं. काही टक्के जास्तीचं अंतर धरून चाला, म्हणजे इथे साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटर.

पायरी ४: किलोमीटरचे तास

या मार्गावर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या जातीची विमानं जास्त दिसतात. उंचीवर त्यांचा वेग ध्वनीच्या सुमारे ०.७८ पट असतो. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे पन्नासच्याही खाली गार असते आणि तिथे ध्वनीच मंद चालतो, म्हणून हा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास येतो.

२,४२६ भागिले ८३० म्हणजे दोन तास पंचावन्न मिनिटं. बरेच लोक इथेच थांबतात. आता यात भर घाला. वाकड्या मार्गाची पाच मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची पंधरा. हीथ्रोच्या गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याची आणि अथेन्सला धावपट्टीपासून गेटपर्यंत जाण्याची मिळून पंचवीस. बेरीज तीन तास चाळीस मिनिटं. कंपन्यांच्या वेळापत्रकात या दिशेला हाच आकडा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने दिसतो.

तिकिटावरचा आकडा म्हणजे हवेतली वेळ नव्हे. विमान गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची ती वेळ असते, आणि कंपन्या त्यात थोडी उशिराची सोयही करून ठेवतात. म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधीकधी ‘वेळेवर’ पोहोचतं.

परतीला हेच अंतर चार तास खातं. युरोपवर वरच्या थरातले वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ताशी पन्नास किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग ८८० होतो, येताना तोच वारा तोंडावर घेऊन ७८०. नुसत्या या फरकाने जाण्यायेण्यात वीस-एकवीस मिनिटांचं अंतर पडतं. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे या वाऱ्यांचा सर्वांत वेगवान पट्टा, जोरात असतो तेव्हा आणखी. त्यात हीथ्रोला दोनच धावपट्ट्या, त्यामुळे उतरण्याआधी विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. घिरट्यांच्या ठरलेल्या चार जागा आहेत. आग्नेयेकडून येणाऱ्यांच्या नशिबी बहुधा लंडनच्या आग्नेयेला असलेल्या बिगिन हिलची. खिडकीतून केंटची तीच शेतं पुन्हा दिसायला लागली तर विमान भरकटलं असं समजू नका.

पायरी ५: घड्याळाची गंमत

ग्रीसचं घड्याळ ब्रिटनच्या दोन तास पुढे असतं, बारा महिने. दोन्ही देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी काटे हलवतात, म्हणून फरक बदलत नाही. भारताचे काटे मात्र हलत नाहीत. पुण्याला पोहोचल्याचा फोन करायचा असेल तर अथेन्सच्या वेळेत उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास मिळवा.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. १२:३० ला सुटून १८:१० ला पोहोचणारं विमान पाच तास चाळीस मिनिटं घेतं असं वाटतं, घेतं तीन तास चाळीस. परतीला १९:०० ला सुटलेलं विमान २१:०० ला लंडनला, म्हणजे जणू दोन तासांत! ते घेतं चार. रीत एकच: दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

पायरी ६: दारापासून दारापर्यंत

खरा हिशोब हा. निघण्याचं ठिकाण म्हणून वायव्य लंडनमधलं डॉलिस हिल घेऊ. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू तिथेच आहे, तेव्हा बऱ्याच वाचकांना तो भाग पायाखालचा असेल.

डॉलिस हिलवरून ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, ज्युबिली लाइनने बाँड स्ट्रीट, तिथून एलिझाबेथ लाइनने हीथ्रो. बदलणं आणि चालणं धरून एक तास दहा मिनिटं. युरोपातल्या उड्डाणासाठी विमानतळावर दोन तास आधी. हे दोन तास उगाच वाटतात, पण सामान द्यायचं असेल तर खिडकी बरीच आधी बंद होते आणि गेटही उड्डाणाच्या वीस-तीस मिनिटं आधी बंद होतं. मग विमानाचे तीन तास चाळीस.

अथेन्सला उतरल्यावर पासपोर्टची रांग. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे लंडनहून आलेल्या प्रत्येकाची तपासणी होते. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असूनही वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. मुख्य मुक्काम ग्रीसमध्ये असेल तर तो ग्रीसकडेच मागायचा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा पहिल्या खेपेला रांगेत जास्त वेळ जाईल असं समजा. रांग आणि सामान मिळून पाऊण तास धरा.

तिथून शहर. मेट्रोची निळी लाइन, म्हणजे तिसरी, विमानतळावरून शहराच्या मध्यातल्या सिंटाग्मा चौकात चाळीसेक मिनिटांत नेते. पण ती मिनिटामिनिटाला सुटत नाही, दोन गाड्यांमध्ये अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो. विमानतळाच्या गाडीचं तिकीट शहरातल्या साध्या तिकिटापेक्षा बरंच महाग असतं आणि साध्या तिकिटावर पकडलं तर दंड होतो. रात्री उतरत असाल तर एक्स९५ क्रमांकाची बस चोवीस तास चालते, तीही सिंटाग्मालाच जाते. टॅक्सीला शहराच्या मध्यापर्यंत ठरलेलं भाडं आहे, दिवसाचं वेगळं आणि मध्यरात्रीनंतरचं वेगळं. बसण्याआधी विचारा. वाट बघणं, प्रवास आणि हॉटेलपर्यंतचं चालणं मिळून सव्वा तास.

बेरीज: १:१० अधिक २:०० अधिक ३:४० अधिक ०:४५ अधिक १:१५. आठ तास पन्नास मिनिटं. घरातून सकाळी ९:२० ला निघालात तर हॉटेलच्या दारात अथेन्सच्या घड्याळात रात्रीचे ८:१०. म्हणजे त्या दिवशी अक्रोपोलिस नाही, फक्त जेवण. सहा-सातच्या विमानाने निघालात तर दुपार हातात येते, पण मग पहाटे तीनला उठायची तयारी हवी, आणि त्या वेळेला ट्यूब चालू आहे का तेही बघायला हवं.

आता विमानतळांची तुलना याच पट्टीने करा. स्टॅनस्टेडचं तिकीट स्वस्त दिसतं. डॉलिस हिलवरून स्टॅनस्टेड दीड ते पावणेदोन तास, आणि रेल्वेचं भाडं वेगळं. घर लिव्हरपूल स्ट्रीटजवळ असेल तर गणित उलटतं, तिथून थेट गाडी आहे. गॅटविकचंही तसंच: क्रॉयडनकरांना तो अंगणातला, हॅरोकरांना लांबचा.

पायरी ७: मध्ये विमान बदलावं का?

म्युनिकमार्गे गेलात तर गंमत दिसते. हीथ्रो–म्युनिक ९४१ किलोमीटर, म्युनिक–अथेन्स १,५१७. मिळून २,४५८, म्हणजे थेट मार्गापेक्षा फक्त ३२ किलोमीटर जास्त, कारण म्युनिक जवळपास वाटेवरच आहे. तरीही वेळ दोन तासांहून अधिक वाढतो, कारण उतरणं, थांबणं, पुन्हा चढणं, पुन्हा धावपट्टीची रांग. इस्तंबूलमार्गे तर अंतरच ३,००० च्या पुढे जातं, अथेन्सच्याही पूर्वेला जाऊन मागे यावं लागतं. तिकीट खरंच फार स्वस्त असल्याशिवाय मी या वाटेला जाणार नाही.

एक बारकावा. म्युनिकमार्गे गेल्यास शेंगेनचा पासपोर्ट शिक्का किंवा नोंद म्युनिकलाच होते. पुढचा प्रवास देशांतर्गत असल्यासारखा, अथेन्सला रांग नाही. पण ती म्युनिकची रांग तुमच्या बदलीच्या वेळेतून जाते. पन्नास मिनिटांची बदली कागदावर चालते; भारतीय पासपोर्टवर दीड तासाखालची बदली घेऊ नका.

जवळच्या शहरांसाठी विमानाचा विचारच सोडून द्या. लंडन–पॅरिस सरळ रेषेत जेमतेम ३४४ किलोमीटर. विमानाला सव्वा तास, युरोस्टारला सुमारे सव्वादोन. पण ही रेल्वे लंडनच्या मध्यवस्तीतल्या सेंट पँक्रस स्थानकातून निघून पॅरिसच्या मध्यवस्तीत पोहोचते, त्यामुळे दारापासून दारापर्यंत तीच जिंकते.

अंतराची किंमत, अक्षरशः

अंतर काढायला शिकण्याचा आणखी एक रोख फायदा आहे. विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोहोचलं, तर युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार भरपाई मिळते, आणि ती तिकिटाच्या किमतीवर नाही, अंतरावर ठरते. पायऱ्या १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या. अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं, असं नियमातच लिहिलेलं आहे. २,४२६ मधल्या पायरीत बसतं: ४०० युरो. ब्रिटनने तोच नियम आपल्या कायद्यात ठेवला आहे, तिथे ३५० पाउंड. उशिराच्या भरपाईला अट अशी की पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झालेला असावा आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असावं. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर पैसे नाहीत, पण खाणंपिणं आणि गरज पडल्यास मुक्काम कंपनीनेच द्यायचा.

एकाच तिकिटावर म्युनिकमार्गे गेलात तरी अंतर लंडन–अथेन्स थेटच धरतात, दोन तुकड्यांची बेरीज नव्हे. आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, विमानाचं दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता आलं ती. दोन तास पंचावन्न मिनिटांचा उशीर गेटवर थांबून तीन तास पाच मिनिटांचा होऊ शकतो. दार उघडताना फोनवर वेळ टिपून ठेवा. बोर्डिंग पासही फेकू नका.

परतीचा हिशोब वेगळा करा

परतीला दोन तास ‘परत मिळतात’ म्हणून लोक रात्रीचं विमान घेतात. १९:०० ला अथेन्सहून निघून २१:०० ला हीथ्रो. भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथली पासपोर्ट तपासणीची स्वयंचलित फाटकं सहसा चालत नाहीत, माणसाच्या खिडकीची रांग लावावी लागते. सामान धरून बाहेर पडायला रात्रीचे दहा वाजतात, घरी पोहोचायला सव्वाअकरा. हे जमण्यासारखं आहे. पण त्याहून उशिराच्या विमानाला थोडा जरी उशीर झाला तरी शेवटची गाडी हुकायची भीती. शुक्रवार-शनिवारच्या रात्री हा प्रश्न नाही: त्या दोन रात्री पिकॅडिली लाइन हीथ्रोवरून रात्रभर चालते, टर्मिनल चार सोडून, आणि ज्युबिलीही रात्रभर चालते. ग्रीन पार्कला गाडी बदला.